लहानग्यांचा उन्हाळा

मार्चच्या अखेरीस दुकानांच्या दारात रंगीत टोप्या, हवा भरून फुगवायचे हौद, पिचकाऱ्या, गॉगल आणि गळ्यात अडकवायचे छोटे पंखे लटकू लागतात. परीक्षा संपत आलेल्या असतात आणि घरोघरी आईवडिलांच्या मनात दोन प्रश्न असतात. मुलाला उन्हापासून जपायचे कसे, आणि दीड-दोन महिने त्याला रमवायचे कशात? माझ्या मते या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच ठिकाणी आहे, दिवसाच्या वेळापत्रकात. कोणत्या तासाला मूल कुठे असेल हे एकदा ठरले की सामानाची यादी आखूड होते आणि खेळही सुचू लागतात. त्यासाठी आधी लहान शरीर उन्हाला कसे तोंड देते ते समजून घेतले पाहिजे.

मुलाचे वजन कमी असते, पण त्या वजनाच्या मानाने त्याची कातडी मोठ्या माणसापेक्षा जास्त असते. कातडीचे तापमान साधारण ३३ ते ३५ अंश सेल्सिअस. हवा याहून थंड असेल तोवर ही जास्तीची कातडी मुलाच्या फायद्याची, कारण तिच्यातून उष्णता भराभर बाहेर जाते. पण हवेचा पारा चाळिशीला पोचला की तीच कातडी बाहेरची उष्णता आत ओढू लागते. मग सुटकेची एकच वाट उरते, घामाची. आणि लहान मुलांच्या घर्मग्रंथी प्रौढांच्या मानाने कमी घाम काढतात. एक लिटर घाम वाळताना शरीरातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. ही किमया वाळणाऱ्या घामाची आहे. टपकून गेलेला किंवा रुमालाने टिपलेला घाम शरीराला थंड करत नाही. त्यातून पाच वर्षांचे मूल धावत सुटले की वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा जास्त उष्णता तयार करते, आणि तहान लागली तरी डाव अर्धा सोडून पाण्याला येत नाही. तान्ह्याला तर तहान सांगताच येत नाही. म्हणून मुलाला किती उकडते आहे याचा अंदाज आपल्याला किती उकडते आहे यावरून बांधू नये.

आता दिवसाकडे पाहू. 'दुपारी बाहेर पडू नको' हे आपण सहज म्हणून जातो, पण दुपारी धोके दोन असतात आणि दोन्हींची वेळ वेगळी असते. सूर्याचे अतिनील किरण सर्वांत तीव्र असतात ते सूर्य डोक्यावर असताना. आपली घड्याळे ज्या रेखावृत्तावर लावलेली आहेत ते महाराष्ट्राच्या बरेच पूर्वेला असल्याने पुण्या-मुंबईत मे महिन्यात सूर्य माथ्यावर येतो साडेबाराच्या सुमारास, नागपुरात बारा वाजून दहा मिनिटांच्या आसपास. हवा मात्र त्या वेळी पुरती तापलेली नसते. आधी जमीन तापते, मग जमीन हवेला तापवते, आणि पारा टोकाला जातो दुपारी तीन-साडेतीनच्या पुढे. म्हणजे अकरा वाजता झाडाखाली हवा सुखाची वाटत असली तरी उघड्या मैदानात मुलाची मान भाजते, आणि साडेचारला ऊन उतरू लागले तरी सिमेंटचे अंगण, डांबर आणि भिंती उष्णता ओकत असतात. हवामान खात्याच्या निकषात मैदानी भागात किमान ४० आणि किनारपट्टीवर किमान ३७ अंश तापमान असल्याशिवाय उष्णतेच्या लाटेचा विचार होत नाही. पण अतिनील किरणांना असा उंबरठा नसतो. ढगाळ नसलेल्या दिवशी आपल्याकडे भर उन्हाळ्यात मध्यान्हीचा अतिनील निर्देशांक ११ च्या वर जातो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजपट्टीत ती टोकाची पायरी आहे.

हे सगळे चार वर्षांच्या मुलालाही कळावे असे एक साधन फुकट मिळते: त्याची स्वतःची सावली. सावली आपल्यापेक्षा लांब असेल तर खेळायला हरकत नाही, आपल्यापेक्षा आखूड झाली की घरात. अंगणात किंवा गच्चीवर खडूने मुलाच्या सावलीची रेघ सकाळी सातला मारावी, मग नऊला, मग दहाला. रेघा जवळ जवळ सरकताना पाहून मूल स्वतःच 'आता आत चला' म्हणू लागते. मोठ्यांच्या दहा सूचनांपेक्षा ही एक रेघ अधिक काम करते, असा माझा विश्वास आहे.

या खेळाचा कळस म्हणजे शून्य सावली दिवस. कर्कवृत्त महाराष्ट्राच्या उत्तरेला, मध्य प्रदेशातून जाते, म्हणून महाराष्ट्र आणि गोव्यातल्या प्रत्येक गावावर सूर्य वर्षातून दोनदा अगदी माथ्यावर येतो. दुसऱ्या वेळी, जुलै-ऑगस्टमध्ये, बहुधा ढग असतात, त्यामुळे खरी संधी मे महिन्यातली. पणजीत मेच्या अगदी सुरुवातीला, कोल्हापुरात ६-७ मेच्या सुमारास, पुण्यात १३-१४, मुंबईत १५-१६, नागपुरात २६-२७ मेच्या आसपास. हा दिवस दक्षिणेकडून उत्तरेकडे रोज थोडा सरकत जातो, त्यामुळे नागपूरची आत्या आणि कोल्हापूरचा मामा यांना फोन करून कोणाची सावली कधी हरवली याची नोंद मुलांना ठेवता येते. एक स्टीलचा पेला सपाट जमिनीवर उपडा ठेवायचा आणि साडेबाराच्या आगेमागे त्याच्या कडेची सावली नाहीशी होताना पाहायची. टोपी, चपला घालून पाच मिनिटे गच्चीवर जायचे आणि लगेच खाली यायचे. वरती, सूर्याकडे, पाहायचे नाही, हे मुलांना आधी बजावून ठेवावे.

वेळापत्रकाइतकाच महत्त्वाचा असतो मुलूख. अकोला, नागपूर, चंद्रपूरचा उन्हाळा कोरडा. रत्नागिरी, मुंबई, पणजीचा दमट. एकीकडचे सामान दुसरीकडे चालत नाही. पाणी वाळताना थंडावा देते, आणि किती देते हे हवेतल्या ओलाव्यावर ठरते. हवा ४२ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर ओल्या कापडाचे तापमान २२ अंशांपर्यंत उतरू शकते. हवा ३३ अंश पण आर्द्रता ७० टक्के असेल तर तेच कापड २८ च्या खाली जात नाही. म्हणून विदर्भात वाळ्याचे पडदे, कूलर आणि माठ खरोखर काम करतात, आणि कोकणात कूलर लावला तर खोली आणखी चिकट होते. विदर्भात बाहेर पडताना मुलाच्या डोक्यावर, मानेवर ओला पंचा गुंडाळणे हा उत्तम उपाय आहे. कोकणात अंग झाकण्यापेक्षा वारा लागू देणे आणि दिवसातून दोन-तीनदा साध्या पाण्याने अंघोळ घालणे अधिक उपयोगी. घामोळ्यांवरही हेच औषध. बाळाच्या अंगावर पावडरचे ढग उडवू नयेत, ती पावडर श्वासातून आत जाते.

पंख्याबद्दलही एक गोष्ट लक्षात ठेवावी. खोलीतली हवा ४० अंशांच्या वर गेली असेल तर नुसता पंखा मुलाच्या अंगावर गरम हवा फेकत राहतो. अशा वेळी अंग ओल्या फडक्याने पुसून मग पंखा लावावा.

कपड्यांत सुती आणि सैल या दोन गुणांपुढे बाकी सगळे गौण. रंगाची चर्चा फार होते, पण सैलपणाचे महत्त्व त्याहून मोठे आहे. सिनाईच्या वाळवंटातले बेदुइन लोक काळे झगे का घालतात, याचा अभ्यास १९८० मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला होता. काळा झगा पांढऱ्यापेक्षा जास्त ऊन शोषतो हे खरेच निघाले, पण झगा ढगळ असल्याने ती जास्तीची उष्णता कातडीपर्यंत पोचण्याआधीच हवेबरोबर निघून जाते, असे आढळले. आपल्या आज्यांनी शिवलेली मलमलीची झबली याच तत्त्वावर चालतात. तान्ह्याला घरात टोपडे, मोजे घालून ठेवण्याची सवय मात्र उन्हाळ्यात सोडावी. बाळाचे डोके शरीराच्या मानाने मोठे असते आणि बरीच उष्णता तिथूनच बाहेर पडते.

बाहेरची टोपी चहूबाजूंनी काठ असलेली घ्यावी. पुढे फक्त चोच असलेली क्रिकेटची टोपी कपाळ झाकते, कान आणि मान उघडी टाकते. हनुवटीखाली बांधायला नाडी असेल तर ती ताण आल्यावर सुटणारी हवी, कारण घसरगुंडीवर नाडी अडकते. गॉगल घ्यायचाच तर अतिनील किरण अडवणारा घ्यावा. नुसत्या काळ्या काचेमागे बाहुली मोठी होते आणि डोळ्यात उलट जास्त किरण शिरतात. सनस्क्रीन सहा महिन्यांखालच्या बाळाला लावत नाहीत, त्याच्यासाठी सावली आणि कपडेच. मोठ्या मुलांना पोहायला किंवा समुद्रावर नेताना एसपीएफ ३० किंवा त्याहून अधिकचे लावावे, दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा. ते सकाळ-संध्याकाळच्या उन्हासाठी आहे. सनस्क्रीन लावले म्हणून दुपारी बाराला मैदानात सोडता येत नाही.

पायांकडे सर्वांत कमी लक्ष जाते. बागेतली लोखंडी घसरगुंडी, झोपाळ्याची साखळी, खेळाच्या जागेत अंथरलेले काळे रबर, देवळाच्या आवारातली फरशी ही सगळी हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतात. साठ अंशांच्या पृष्ठभागावर पाच-सहा सेकंदांत कातडी भाजते, आणि घाबरलेले छोटे मूल हात-पाय मागे घेण्याऐवजी तिथेच खिळून रडते. मुलाला वर चढवण्याआधी आपल्या हाताची मागची बाजू पाच सेकंद त्या पत्र्यावर टेकवून पाहावी. आपल्याला टेकवत नसेल तर मुलासाठी ती घसरगुंडी बंद.

बाबागाडी आता मध्यम शहरांतही दिसू लागली आहे, म्हणून तिच्याबद्दल थोडे सविस्तर. ऊन लागू नये म्हणून तिच्यावर दुपटे टाकले जाते आणि आत बाळ शांत झोपलेले पाहून बरे वाटते. पण कापड ऊन अडवते तसा वाराही अडवते. सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कोरड्या कापडाने झाकलेल्या बाबागाडीतली हवा बाहेरच्यापेक्षा सुमारे अडीच अंश जास्त तापलेली आढळली. तीच गाडी ओल्या मलमलीने झाकून जोडीला बॅटरीचा छोटा पंखा लावला तेव्हा आतले तापमान बाहेरच्यापेक्षा साडेचार अंशांच्या आसपास खाली गेले. त्या लटकत्या छोट्या पंख्याचा खरा उपयोग मला तरी इथेच दिसतो. मलमल दर पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा ओली करावी लागते, आणि दमट हवेत हा लाभ कमी होतो. पोटाशी बांधायच्या झोळीत मूल आणि आई एकमेकांना तापवतात, म्हणून ती उन्हात नकोच.

उभ्या मोटारीबद्दल तडजोडीला जागाच नाही. २००५ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या मोजणीत बंद गाडीतले तापमान तासाभरात सरासरी २२ अंशांनी वाढले, त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली, आणि काचा थोड्या खाली ठेवून काही फरक पडला नाही. 'पाच मिनिटांत येतो' म्हणून झोपलेल्या मुलाला गाडीत ठेवून भाजी घ्यायला उतरू नये. मूल झोपले असेल तर भाजी राहू द्यावी.

पाण्याचा विषय आईच्या दुधापासून सुरू होतो. सहा महिन्यांखालच्या बाळाला कडक उन्हाळ्यातही वरचे पाणी लागत नाही. दूध जास्त वेळा पाजावे आणि आईने स्वतः भरपूर पाणी प्यावे. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे पटवणे अवघड जाते, कारण चमच्याने पाणी पाजण्यामागे माया असते. पण बाळाच्या इवल्या पोटात पाणी गेले की तेवढी दुधाची जागा जाते आणि पाण्यातून जुलाबाचा धोका येतो. मोठ्या मुलांना तहानेची वाट न पाहता खेळाच्या प्रत्येक डावानंतर चार घोट, असा नियमच करावा. प्रत्येकाची बाटली वेगळी असली की कोण किती प्याले ते दिसते. लघवी गडद पिवळी असेल किंवा पाच-सहा तासांत झालीच नसेल तर पाणी कमी पडते आहे.

पेयांत आपण श्रीमंत आहोत. कैरी उकडून गूळ, वेलची आणि मिठाचे पन्हे, आमसुलाचे सरबत, जिरेपूड घातलेले ताक, सोलकढी, शहाळे. मुलांच्या पेल्यात गूळ-साखर आपल्या जिभेला वाटते त्याहून कमीच ठेवावी. जुलाब-उलट्या झाल्या तर मात्र सरबत पुरत नाही, क्षारसंजीवनीच (ओआरएस) लागते. पुडीवर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात पूर्ण पुडी विरघळवावी. घरी करायची तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. नावात 'ओआरएस' मिरवणारी, पण भरपूर साखर घातलेली खोक्यातली पेये वर्षानुवर्षे औषधांच्या दुकानांत विकली जात होती. खाद्यपदार्थांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांना ते नाव वापरायला मनाई केली. तरीही घेताना जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का, ते वाचूनच घ्यावे. बर्फाच्या गोळ्याचे म्हणाल तर घरी उकळून गार केलेल्या पाण्याचा बर्फ किसून त्यावर आमसुलाचा आगळ ओतावा. महाराष्ट्रात २०१८ पासून खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालणे सक्तीचे केले आहे, तो का निळा आहे हेही मुलांना सांगावे.

सगळी काळजी घेऊनही ऊन लागू शकते. खेळता खेळता मूल गळून गेले, डोके दुखते म्हणाले, मळमळले, तर सावलीत आडवे करून, कपडे सैल करून, पाणी पाजून ते अर्ध्या तासात ताजेतवाने व्हायला हवे. पण ते असंबद्ध बोलू लागले, हाकेला नीट ओ देईना, अंग भट्टीसारखे तापले किंवा झटका आला, तर तो उष्माघात आहे. १०८ ला फोन करावा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत थांबून न राहता मुलाच्या अंगावर पाणी ओतत, वारा घालत राहावे. शुद्ध हरपलेल्या मुलाच्या तोंडात पाणी घालू नये. तापाचे औषधही इथे चालत नाही, कारण हा जंतूंचा ताप नव्हे.

आता त्या लांबलचक घरातल्या तासांकडे, दहा ते साडेपाच. मोबाइल हाती देऊन हे तास सर्वांत सोपे जातात, हे प्रत्येक आईला माहीत आहे. माझे म्हणणे असे, की या तासांसाठी महाराष्ट्रातल्या घरांकडे एक सुंदर उद्योग आधीच होता आणि तो आपण किराणा दुकानाला देऊन टाकला: वाळवण. कुरडयांचे उदाहरण घ्या. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, वाटून चीक काढायचा, रात्रभर ठेवला की पांढरा चीक तळाशी आणि पाणी वर. पहाटे तो शिजवून सोऱ्यातून गच्चीवर घालायचा, कारण ऊन चढण्याआधी काम उरकले पाहिजे आणि मग दिवसभराचे ऊन कुरडयांना मिळाले पाहिजे. या कामाचे वेळापत्रकच लहान मुलांना साजेसे आहे. सकाळी साडेसहाला सोऱ्या दाबायला दोन छोटे हात, दुपारी खिडकीतून कावळ्यांवर पहारा, संध्याकाळी उलथायला पुन्हा तेच हात. शिजवतानाचा आणि गरम चिकाचा भाग अर्थातच मोठ्यांचा. आणि ओला चीक वाटीत घेऊन दूध-साखरेबरोबर खाण्याचा हक्क पहिल्यापासून मुलांचाच आहे.

एवढा घाट शहरातल्या छोट्या घरात जमत नसेल तर बटाट्याचा किस करावा. एक किलो बटाटे किसून मुलाला तराजूवर मोजायला लावावेत. उन्हात कडकडीत वाळल्यावर पुन्हा मोजले तर दोनशे ग्रॅमच्या आसपास भरतात. उरलेले आठशे ग्रॅम कुठे गेले? बटाट्यात सुमारे ऐंशी टक्के पाणीच असते, हे सहा वर्षांच्या मुलाला आयुष्यभर लक्षात राहते. मग पुढचा प्रश्न त्याचाच येतो: वाळलेला किस वर्षभर टिकतो आणि ओला बटाटा का कुजतो? बुरशीला पाणी लागते, हे तुम्ही सांगायच्या आधी तोच सांगेल.

बैठ्या खेळांची उणीव नाही. सागरगोटे, काचापाणी, सापशिडी, पत्त्यांतला गुलामचोर आणि भिकार-सावकार. घरात तीन वर्षांखालचे मूल असेल तर सागरगोटे, चिंचोके, कवड्या त्याच्या हाताला लागू देऊ नयेत, घशात अडकतात.

सकाळी दहाच्या आतले आणि संध्याकाळी साडेपाचनंतरचे तास मोकळ्या हवेचे. याच दिवसांत बहावा पिवळ्या झुंबरांनी लगडतो आणि महाराष्ट्राचे राज्यपुष्प असलेले तामण जांभळे होते. घराजवळचे एक झाड निवडून दर रविवारी त्याचा एकाच जागेवरून फोटो काढला तर जूनपर्यंत मुलाकडे एक छोटी चित्रमालिका होते. गच्चीवर पक्ष्यांसाठी पसरट मातीचे भांडे ठेवून त्यात एक दगड ठेवावा, म्हणजे चिमणीला उभे राहता येते. पाणी रोज बदलण्याचे काम मुलाकडे द्यावे. साचले तर डास होतात.

पाण्यातले खेळ मुलांना सर्वांत प्रिय, आणि पालकांनी सर्वांत सावध असावे तेही तिथेच. छोटे मूल वीतभरापेक्षा कमी पाण्यातही, आवाज न करता, बुडू शकते. फुगवायचा हौद, टब, बादली खेळ संपताच रिकामी करून उपडी ठेवावी. दंडाला घालायचे हवेचे फुगे हे खेळणे आहे, जीवरक्षक साधन नव्हे. ते घसरतात, फुटतात आणि पालकाला खोटा धीर देतात. नदी, धरण, बोट अशा ठिकाणी मुलाच्या वजनाचे, पायांमधून पट्टा असलेले लाइफ जॅकेटच हवे. गावाकडे विहिरीत पोहायला शिकवताना पाठीला रिकामा डबा किंवा वाळका भोपळा बांधतात. ती पद्धत चालते ती डब्यामुळे नव्हे, हाताच्या अंतरावर पोहणाऱ्या काकामुळे. शहरातल्या तलावावरही नियम हाच. पाण्यातल्या मुलापासून मोठे माणूस एका हाताच्या अंतरावर आणि त्याच्या हातात फोन नाही.

समुद्रावर जाणार असाल तर पंचांग बरोबर घ्या. कोकणातल्या मंडळींचा एक जुना हिशेब आहे: तिथीला पाऊणने गुणले की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती. त्यानंतर सहा तासांनी, नऊच्या सुमारास, ओहोटी. अष्टमीला भरती सहाला. रोज भरती सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते, त्याचाच हा सोपा हिशेब. आता पौर्णिमा-अमावास्येचे पाहा. भरती साधारण साडेअकरा-बाराला, म्हणजे ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास. मुलांना बाहेर न्यायला नेमकी हीच वेळ योग्य, आणि याच दिवसांत पाणी सर्वांत दूर जाते. खडकाळ किनाऱ्यावर त्या वेळी छोट्या डबक्यांत खेकडे, शंखातले संन्यासी खेकडे, समुद्रफुले दिसतात. रबरी तळव्याच्या बंद चपला, टोपी आणि एक भिंग, एवढेच सामान लागते. जिवंत प्राणी उचलून पिशवीत भरायचे नाहीत. पाणी जितके दूर जाते तितकेच वेगाने परत येते, तेव्हा ओहोटी पुरती होण्याच्या तासभर आधी जावे आणि पाणी वळताच निघावे. अलिबागचा कुलाबा किल्लाही ओहोटीत पायी पाहता येतो. परतीची वेळ आधी विचारून ठेवावी. हिशेब ढोबळ आहे, म्हणून छापील भरती-ओहोटीचे कोष्टक किंवा गावातला कोळी यांचा शब्द अखेरचा मानावा.

एप्रिलच्या मध्यापर्यंत जमले तर मंडणगड तालुक्यातले वेळास किंवा दापोलीजवळचे आंजर्ले गाठावे. ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले गावकऱ्यांनी राखलेल्या घरट्यांतून बाहेर येतात आणि सकाळी सातच्या व संध्याकाळी सहाच्या सुमारास समुद्रात सोडली जातात. अंडी उबवते ती उन्हाने तापलेली वाळूच, साधारण ४५ ते ६० दिवसांत. वाळू किती तापली यावर पिल्लू नर की मादी हे ठरते. जास्त उष्ण वाळूत माद्या अधिक होतात. पिल्ले निघणे आपल्या हाती नसते, म्हणून एक मुक्काम ठेवून जावे आणि मुलांना आधीच सांगून ठेवावे की कदाचित काही दिसणारही नाही.

रात्र ही उन्हाळ्याची मुलांना दिलेली सर्वांत मोठी भेट, असे मला वाटते, आणि तिला सामान लागते एक चटई, एक मच्छरदाणी. मे महिन्यात रात्री नऊला उत्तरेकडे सप्तर्षी उंच दिसतात. त्यांच्या शेपटीच्या मधल्या ताऱ्याशेजारी, वसिष्ठापाशी, बारीकशी अरुंधती दिसते का, याची मुलांत पैज लावावी. शेपटीची कमान तशीच पुढे नेली की नारिंगी स्वाती, आणखी पुढे पांढरी चित्रा. दक्षिणेचे क्षितिज मोकळे असेल तर अगदी खाली त्रिशंकूचा छोटा क्रूस. दिल्लीच्या मुलांना तो जेमतेम क्षितिजाला टेकलेला दिसतो, आपल्याला थोडा वर.

गावी, विशेषतः कोकणात, रात्री फिरताना मात्र विंचवाची आठवण ठेवावी. लाल विंचवाचे दंश उन्हाळ्यात वाढतात आणि लहान मुलांच्या हृदयावर त्याचे विष गंभीर परिणाम करते. महाडला राहून डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि एके काळी जीवघेणा असलेला हा दंश आटोक्यात आला. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. म्हणजे उपचार आहे, पण तो वेळेवर दवाखान्यात पोचलेल्या मुलासाठी आहे. अंगणात जाताना बॅटरी, पायात बंद चपला, सकाळी बूट आणि अंथरूण झटकून घेणे, सरपणात हात न घालणे. दंश झाला, मुलाला दरदरून घाम फुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले तर मंत्र-उतारे करण्यात एक मिनिटही घालवू नये.

सुट्टी संपता संपता, मेच्या अखेरीपासून पहिला दमदार पाऊस पडेपर्यंत, भंडारदऱ्याच्या परिसरात काजवे चमकू लागतात. नर काजवे झाडावर लुकलुकून मादीला बोलावत असतात, आणि गाड्यांचे दिवे, मोबाइलच्या बॅटऱ्या यांनी हा संवाद तुटतो. शनिवार-रविवारी तिथे गाड्यांच्या रांगा लागतात; मुलांना घेऊन जायचे तर मधल्या वारी, स्थानिक वाटाड्या घेऊन जावे. बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटीन कागद रबराने बांधून घ्यावा, तोही फक्त पायाखाली रोखायचा. झाडे हलवायची नाहीत, काजवे बरणीत भरायचे नाहीत. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात, तेवढा वेळ मुलांना धीर धरता यावा म्हणून जेवण आधीच उरकून घ्यावे.